कडी

एप्रिल, ग्रिम्सबी. समुद्रावरून येणारा वारा
ओला टॉवेल तोंडावर मारल्यासारखा.
छातीवर चार सेफ्टी पिनांनी टाचलेला नंबर, दोन हजार एकशे सात.
वय त्रेपन्न. गुडघे माझ्याहून चार वर्षांनी मोठे.

माशांच्या कारखान्यात तपासनीस आहे मी.
महिनाभर कॅन्टीनमध्ये डबा फिरवला,
वर कागद चिकटवून: मुलींच्या शिक्षणासाठी.
ट्रेव्हरने पाच पौंड टाकले. म्हणाला, शिक्षण म्हणजे चांगलंच.
डोरोटाने वीस, काही न विचारता.
मॉरीनने मात्र चष्मा कपाळावर चढवला,
शिक्षणासाठी म्हणजे नक्की कशासाठी गं? पुस्तकं? फी?
मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

जेवत होते सगळे. खरं सांगायला जीभ उचलली नाही.

खरं एवढंच होतं:
जत तालुक्यातल्या तेरा शाळा. फळे आहेत, खडू आहेत,
मुलींचा संडास आहे, संडासाला दारही आहे.
दाराला कडी नाही.
हेडबाईंनी वहीच्या पानावर हिशोब पाठवला होता,
एकेचाळीस दारं, एकेचाळीस कड्या,
बिजागऱ्या, पत्रा, सुताराची मजुरी.
सातवीनंतर मुलींची गळती, असं अहवालात लिहितात.
गळती.
जशी नळाची असते.
वायसर बदलला की थांबेल.

पहिले दहा मैल बरे गेले.
कुणाची तरी आजी दारात खुर्ची टाकून
सगळ्यांना नावाने हाक मारत होती,
माझ्या नंबराखालचं नाव तिला जमेना,
तेव्हा म्हणाली, पळ गं, जांभळ्या मोज्यांची!
पंधराव्याला पोटऱ्या बोलू लागल्या.
एकोणिसाव्याला पोट.

रस्त्याकडेला हिरव्या प्लॅस्टिकच्या खोल्या, चारच.
आत शिरले, खटका फिरवला.
बाहेर लाल पट्टी आली असणार.
वाऱ्याने भिंती थरथरत होत्या आणि मला
कशाचीही भीती वाटत नव्हती.
हे लक्षात आलं आणि मग बराच वेळ उठवेना.

चंद्राक्का यमगर. माझ्या बाकावरची.
मी तिचं दार धरायचे, ती माझं.
बाहेरून पाय लावून, आकाशाकडे बघत,
कुणी विचारलं तर पाढे म्हणत.
एकोणतीसचा पाढा मला अजून येतो, तो तिथलाच.
शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मी सांगलीला गेले,
दोन दिवस.
परत आले तर बाकावर तिचं दप्तर नव्हतं.
काय झालं, कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. मला शिष्यवृत्ती मिळाली होती.

दारावर थाप पडली.
आले, आले, असं मराठीतच ओरडले.
बाहेर एक हॅडॉक उभा.
चंदेरी फोमचा, सहा फुटी, तोंडातून एका बाईचा
घामेजला लाल चेहरा. लाइफबोटीसाठी पळत होती.
ती आत गेली, शेपटी आत जाईना.
आडवी केली, दुमडली, शिव्या दिल्या.
दार चार बोटं उघडंच.
माफ कर, म्हणाली, पण जरा धरतेस का?

मी पाय लावला.
पाच तासांचा फुगा घेतलेला माणूस समोरून गेला,
त्याच्या मागचा घोळकाही गेला.
मी समुद्राच्या बाजूला बघत राहिले.
एकोणतीस एके एकोणतीस.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.

आतून तिने विचारलं, तू कशासाठी पळतेयस?
ह्यासाठीच, मी म्हटलं.
काय?
वारा होता मध्ये. मी तोंड फटीशी नेलं,
पण त्याचा इंग्रजी शब्द काही केल्या आठवेना.
कडी, मी ओरडले. कडी!
बरं, आतून आवाज आला, छान आहे.

अजून सात मैल होते.